पोथीविना पाळलेले रोजे

कोकणातल्या बेने इस्राएलांनी ज्यू धर्मशास्त्रातलं काय जपलं, याची चर्चा बहुधा शनिवारपाशी सुरू होते आणि तिथेच थांबते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून ते ‘शनिवार तेली’. मला मात्र त्यांचे उपवास अधिक बोलके वाटतात. १७३८ मध्ये सार्टोरियस या मिशनऱ्याने त्यांच्याविषयी नोंदवलं की त्यांच्याकडे बायबल नाही, हिब्रू येत नाही, ‘शमा’ ही प्रार्थना तेवढी ठाऊक आहे. मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग उभं राहिलं तेही १७९६ मध्ये. प्रार्थनेला पोथी लागते, ती वाचणारा लागतो. उपाशी राहायला यातलं काहीच लागत नाही.

योम किप्पूरचंच बघा. सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत अन्नपाणी, अंघोळ, तेल-अत्तर, चामड्याची पायताणं आणि शरीरसंबंध वर्ज्य, असा नियम आहे. इतरत्र हा सारा दिवस सिनेगॉगमधल्या प्रार्थनांनी भरलेला असतो. कोकणात प्रार्थना सांगणारा नव्हता, तेव्हा निषेध हाच विधी झाला. पांढरे कपडे घालून, दारं लावून घरातच उपाशी राहायचं, परक्याशी व्यवहार करायचा नाही. म्हणून तो ‘दारफळणीचा सण’. दुसरा मोठा उपवास आव महिन्याच्या नवमीचा, जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या सुतकाचा. त्याचं नाव ‘बिरड्याचा रोजा’. बिरडं तर अलिबाग-पेणच्या घराघरांत, मग त्यात ज्यू काय, असं कुणी म्हणेल. पण आवच्या पहिल्या नऊ दिवसांत मांस टाळण्याची ज्यू प्रथा जुनी आहे, आणि या उपवासाआधीच्या जेवणात सुतकाचं अन्न म्हणून मसूर खाण्याचीही. कोकणात कडधान्य म्हटलं की वाल, आणि बिरडं वालाचंच. पदार्थ इथला, पण त्याला दिलेली जागा शास्त्रातली.

शास्त्राने सगळे उपवास एका तोलाचे मानलेले नाहीत. योम किप्पूर थेट तोराची आज्ञा. आवची नवमी तालमुदच्या मते टळत नाही, पण तम्मुझची सतरावी किंवा गदल्याचा उपवास छळही नाही आणि शांतताही नाही अशा काळात ऐच्छिक. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी लिहिलेल्या बेने इस्राएलांच्या इतिहासातली विभागणी हीच उतरंड दाखवते. पहिले दोन मुळापासूनचे, लहान रोजे नंतरच्या गुरूंनी शिकवलेले. यावर गंभीर आक्षेप असा की केहीमकरांनी हे लिहिलं १८९७ च्या सुमारास, कोचीनचे शिक्षक आणि मिशनरी येऊन गेल्यावर. जुनं-नवं त्यांनी सोयीने लावलं असेल. शक्य आहे. पण सोयच बघायची असती तर त्यांनी अवघड गोष्टी गाळल्या असत्या. एलुल महिन्याच्या रोज्यांना समाज ‘रमजान’ म्हणत असे, पुरीमला ‘होळीचा सण’, आणि हे त्यांनी लपवलेलं नाही. पण बेने इस्राएलांच्या पूर्वजांचं गलबत नवगावला फुटलं असं सांगतात, त्याचं साल ठरवायला हे रोजे पुरत नाहीत. पाचव्या महिन्याचा, म्हणजे आवचा, उपवास जखऱ्याच्या ग्रंथातही आहे, त्यामुळे तो पाळणारे लोक फार आधी आले असतील किंवा पुष्कळ नंतर.

मग एलुलचे हे ‘रमजान’ रोजे मुसलमान शेजाऱ्यांचेच का म्हणू नयेत? जंजिऱ्याच्या सिद्दीच्या मुलखात नाव आणि ढंग उचलला गेला असणार. पण खरा रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरतो, सगळे ऋतू फिरून येतो. एलुल पावसाळ्याच्या शेवटाशी बांधलेला राहतो, कारण ज्यू पंचांगात १९ वर्षांत ७ अधिक महिने येतात. आपल्याकडचा अधिक मासही जवळजवळ याच हिशेबाने येतो. हिब्रू पंचांग हाती नसताना तिथी कशा टिकल्या, याचं उत्तर मला शेजारच्या हिंदू पंचांगात दिसतं. २०२२, २०२४ आणि २०२५ मध्ये योम किप्पूरचा दिवस दसऱ्यालाच आला. २०२३ मध्ये अधिक श्रावण पडला आणि तो गणपतीत आला, दसऱ्याच्या महिनाभर आधी. असल्या वर्षी दार कधी लावायचं हे शेजाऱ्याकडे पाहून ठरत नाही. कोचीनच्या गुरूंची गरज गावाला बहुधा अशाच वर्षी लागली असेल.