स्मृतिभ्रंशाचा धोका कमी करायचाय? या सवयी आजपासूनच लावा

बेळगाव असो की बडोदा, "वय झालं की विसरायला होतंच," असं घरोघरी म्हटलं जातं. चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वेगळं. पण रोजचा रस्ता चुकणं, पैशांचा हिशेब न जमणं, तेच तेच पुन्हा विचारणं ही स्मृतिभ्रंशाची, म्हणजे डिमेन्शियाची लक्षणं असू शकतात. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना हा आजार असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे.

'लॅन्सेट' आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार, टाळता येण्याजोगी १४ कारणं आटोक्यात ठेवली तर जगातील सुमारे ४५ टक्के रुग्णांमध्ये हा आजार टाळता किंवा लांबवता येऊ शकतो.

आहार : बुद्धी शाबूत ठेवणारं एकच जादूचं फळ नाही. पालेभाज्या, डाळी-उसळी, भाकरी, फळं, मूठभर शेंगदाणे आणि खात असल्यास मासे, असं साधं जेवण चांगलं. दिवसभरात मीठ ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे लहान चमचाभरापेक्षा कमी हवं; लोणचं, पापड, फरसाणही त्यातच धरा. स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी म्हणून व्हिटॅमिनच्या गोळ्या घेऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मात्र तपासणीत बी-१२ कमी निघालं, तर उपचार घ्यायलाच हवेत.

रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल : चाळिशीपासूनच तपासत राहा. बरं वाटलं म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका.

चालणं : आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चाला. सिगारेट-विडी सोडा, दारू टाळा.

कान आणि डोळे : कमी ऐकू येणारा माणूस हळूहळू गप्पांतून बाजूला पडतो. श्रवणयंत्र लावण्यात कमीपणा नाही. मोतीबिंदूही अंगावर काढू नका.

बोलणं : हैदराबादेत ६४८ रुग्णांच्या अभ्यासात (२०१३) दोन भाषा बोलणाऱ्यांमध्ये लक्षणं सुमारे साडेचार वर्षं उशिरा दिसली. निरक्षरांतही हा फरक आढळला. घरात मराठी आणि बाजारात कन्नड, कोंकणी, तेलुगू किंवा गुजराती बोलणाऱ्यांसाठी ही दिलासादायक गोष्ट! अर्थात, त्यामुळे आजार होणारच नाही, असं नाही. पण आजी-आजोबांना कोपऱ्यात बसवू नका, बोलतं ठेवा.

विसरणं वाढत असेल तर "वयाचं आहे" म्हणून सोडू नका. थायरॉईड, बी-१२ची कमतरता किंवा नैराश्यामुळेही विसर पडतो, आणि त्यावर उपचार आहेत.