डिसिल्व्हा गेल्यावर

पप्पांनी 'डॉन' पहिल्यांदा पाहिला तो पडद्याच्या मागच्या बाजूने. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या यात्रेत तंबूतला सिनेमा यायचा. पडदा तंबूच्या मधोमध आणि लोक दोन्ही अंगांना बसलेले. आजोबांनी स्वस्तातलं तिकीट काढलं, म्हणून पप्पा मागच्या अंगाला. तिथून सगळं उलटं दिसतं. पाट्या उलट्या, नावं उलटी, डावा हात उजवा. तेव्हा ते आठवीत होते. सिनेमा मुंबईत लागून वर्ष-दीड वर्ष उलटून गेलेलं आणि प्रिंट इतकी घासलेली की पडद्यावर सतत पाऊस पडत होता, असं ते सांगतात.

मी 'डॉन' पाहिला लॅपटॉपवर, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलमध्ये. त्याआधी शाहरुखचा पाहिला होता, म्हणजे माझ्यासाठी अमिताभच डुप्लिकेट. आता मी पुण्यात एका कंपनीत काम करतो आणि माझं काम 'लॉगिन'चं आहे. समोर बसलेला माणूस खरंच तोच आहे का, हे तपासणारा कोड लिहायचा. या नोकरीत चार वर्षं काढल्यावर हा सिनेमा परत पाहिला, तेव्हा मारामारीकडे लक्षच गेलं नाही. मी एकाच माणसाकडे बघत बसलो, डीएसपी डिसिल्व्हाकडे.

आधी थोडा इतिहास, कारण हा सिनेमा बनला कसा, हीसुद्धा कमाल गोष्ट आहे.

नरिमन इराणी हा कॅमेरामन. 1972 साली त्याने सुनील दत्तला घेऊन 'ज़िंदगी ज़िंदगी' काढला, तो पडला आणि इराणीच्या डोक्यावर बारा लाखांच्या आसपास कर्ज बसलं. त्या काळी कॅमेरामनच्या पगारातून एवढं फेडणं म्हणजे आयुष्य गेलं असतं. पुढे तो मनोजकुमारच्या 'रोटी कपडा और मकान'वर काम करत होता. तिथे अमिताभ होता, झीनत अमान होती, आणि सहायक दिग्दर्शक म्हणून चंद्रा बारोट होता. बारोट मूळचा टांझानियातला. भारतात येण्याआधी तो दार-ए-सलाममध्ये बँकेत नोकरी करायचा. गायिका कमल बारोट ही त्याची बहीण. या मंडळींनी इराणीला सांगितलं, तू एक सिनेमा काढ, आम्ही आहोत.

गोष्ट मिळाली सलीम-जावेद यांच्याकडून. त्यांच्याकडे एक स्क्रिप्ट पडून होती. ती बऱ्याच जणांनी नाकारलेली. तिला नावही नव्हतं, नुसती 'ती डॉनवाली'. सिनेमाचं नाव 'डॉन' ठेवायला लोक बिचकत होते म्हणे, कारण त्याच उच्चाराच्या नावाची बनियन-चड्डी बाजारात होती. आज हे ऐकून हसू येतं. पण 1978 पर्यंत हा शब्द आपल्याकडे कुणी वापरतच नव्हतं. मुंबईत 'दादा' होते, 'भाई' होते, 'शेठ' होते. 'डॉन' आला 'गॉडफादर'मधून, म्हणजे सातासमुद्रापलीकडून. आज पेपरवाले सर्रास 'अंडरवर्ल्ड डॉन' लिहितात, तो शब्द आपल्याकडे रुजवला तो या सिनेमाने, असं मला वाटतं.

सिनेमाला साडेतीन वर्षं लागली. पैसे आले की शूटिंग, संपले की बंद. तो पुरा व्हायच्या आतच दुसऱ्या एका सिनेमाच्या सेटवर झालेल्या अपघातात इराणी गेला. ज्याचं कर्ज फेडायला हा सगळा खटाटोप चालला होता, त्यालाच प्रदर्शन बघायला मिळालं नाही. 12 मे 1978 ला सिनेमा लागला. जाहिरातीला पैसे नव्हते, आणि आठवडाभर आधीच अमिताभचाच 'त्रिशूल' लागला होता. पहिले काही दिवस 'डॉन' पडला अशीच हवा होती. मग ते बनारसी पानाचं गाणं लोकांच्या तोंडी बसलं आणि चित्र पालटलं. हे गाणं मूळ सिनेमात नव्हतंच. उत्तरार्धात प्रेक्षकाला श्वास घ्यायला जागा नाही, असं मनोजकुमारने सुचवलं, म्हणून ते नंतर घातलं. नफ्यातून इराणीच्या बायकोने कर्ज फेडलं. अमिताभ, किशोरकुमार आणि आशा भोसले, तिघांनाही त्या सिनेमासाठी फिल्मफेअर मिळालं.

आता डिसिल्व्हाकडे.

गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. अकरा देशांचे पोलीस ज्याच्या मागे आहेत तो डॉन एका पाठलागात जखमी होतो आणि डिसिल्व्हाच्या गाडीतच मरतो. डिसिल्व्हा हे कुणाला सांगत नाही. डॉनसारखाच दिसणारा विजय, मुंबईत नाचगाणं करून दोन पोरकी मुलं सांभाळणारा, त्याला तो डॉन म्हणून टोळीत पाठवतो. स्मृती गेली असं सांगायचं आणि आतून माहिती काढायची. बदल्यात मुलांचं शिक्षण. ठीक. मग धाड पडते, गोळीबारात डिसिल्व्हा मरतो, आणि विजय पोलिसांच्या हाती लागतो. तो सांगतो की मी डॉन नाही. पण हे ठाऊक असलेला एकमेव माणूस तर मेलाय.

आमच्या ऑफिसात याला 'बस फॅक्टर' म्हणतात. किती माणसं बसखाली आली तर प्रोजेक्ट बंद पडेल? उत्तर 'एक' असेल तर मॅनेजरची झोप उडते. डिसिल्व्हाच्या ऑपरेशनचा बस फॅक्टर एक होता. कागद नाही, साक्षीदार नाही, वरिष्ठांच्या कपाटात बंद पाकीट नाही. आमच्याकडे कुणी असं डिझाइन आणलं असतं तर रिव्ह्यूमध्येच फाडलं असतं.

गंमत म्हणजे ही कल्पनाही कोरी नव्हती. 1962 च्या 'चायना टाउन'मध्ये शक्ती सामंतांनी शम्मी कपूरला असंच कलकत्त्याच्या गुंडाच्या जागी पोलिसांकरवी पाठवलं होतं. 1976 च्या 'कालीचरण'मध्ये पोलीस अधिकारी मरतो आणि त्याच्यासारखा दिसणारा कैदी त्याच्या जागी येतो. प्रेक्षकाला हा मसाला चांगला ओळखीचा होता. सलीम-जावेदनी एकच गोष्ट बदलली. तोतयाला तोतया म्हणून ओळखणारा माणूस मध्यातच मारून टाकला. त्यानंतर विजयला पोलीसही शोधतात आणि टोळीही. पोलिसांसाठी तो डॉन आहे आणि टोळीसाठी तो डॉन नाही. दोघांनाही तो मेलेलाच हवा आहे.

'तोतया' शब्द वापरला तर एक आठवण येणारच. पानिपतावर 1761 मध्ये सदाशिवरावभाऊ गेले, पण त्यांच्या मृत्यूबद्दल लोकांना खात्री वाटेना. काही वर्षांनी भाऊ म्हणवणारा एक कनोजी ब्राह्मण उभा राहिला. त्याला रत्नागिरीकडे कैदेत ठेवलं होतं. तिथून तो सुटला, माणसं जमली, आणि पेशवाईला काही महिने घाम फुटला. शेवटी 1776 मध्ये त्याला पकडून पुण्यात मृत्युदंड दिला. न. चिं. केळकरांचं 'तोतयाचे बंड' हे नाटक त्यावरच. नाना फडणिसांसमोरचा प्रश्न आणि आमच्या ऑफिसातला प्रश्न एकच होता, समोरचा माणूस तोच आहे का? पण विजयचा प्रश्न नेमका उलटा आहे. 'मी तो आहे' हे दाखवायला एखादी खूण पुरते. 'मी तो नाही' हे दाखवायला काय दाखवणार?

ठसे, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो. बोटांच्या ठशांचं जगातलं पहिलं सरकारी कार्यालय कलकत्त्यात 1897 साली उघडलं. एडवर्ड हेन्रीच्या नावाने जी वर्गवारी जगभर गेली, तिच्यामागचं डोकं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी पोलीस अधिकाऱ्यांचं. म्हणजे 1978 मध्ये हे तंत्र आपल्या देशात ऐंशी वर्षं जुनं होतं. विजयचा अंगठा शाईत बुडवला असता तर सिनेमा वीस मिनिटं आधी संपला असता. पण मग लक्षात येतं की तुलना करायला डॉनचे खरे ठसे फाइलला हवेत. जो कधी पकडलाच गेला नाही, त्याचे ठसे कुठून येणार?

आणि फाइलला असून उपयोग होतोच असंही नाही. लंडनमध्ये 1896 साली अडॉल्फ बेक नावाच्या माणसाला बायकांचे दागिने फसवून नेल्याबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली. दहा बायकांनी त्याला ओळखलं होतं. पोलिसांच्या मते तो 1877 मध्ये शिक्षा झालेला 'जॉन स्मिथ' होता. स्मिथची सुंता झालेली होती, हे तुरुंगाच्या जुन्या नोंदीत लिहिलेलं होतं. बेकची झालेली नव्हती. हे उघड झाल्यावरही केस नव्याने उघडली नाही, फक्त त्याच्या नावापुढची जुनी शिक्षा काढली. 1904 मध्ये त्याला त्याच गुन्ह्यासाठी परत पकडून दोषी ठरवलं. तो कोठडीत असतानाच बाहेर पुन्हा तशीच फसवणूक झाली आणि खरा भामटा सापडला, म्हणून बेक सुटला. पुढे 1907 मध्ये इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलाचं कोर्ट झालं, त्यामागे हे प्रकरण होतं.

हे सगळं मी शोधत बसलो त्याला कारण आहे. तीन वर्षांपूर्वी मला वसुलीचे फोन सुरू झाले. माझंच नाव, वडिलांचं नाव तेच, जन्मतारीख तीच, आणि एका बँकेचं चार लाखांचं थकलेलं कर्ज. मी ते घेतलेलं नव्हतं. सातारा-सांगलीत माझ्या नावाची माणसं पोत्याने मिळतील. पप्पांना फोन गेला, मग मामाला, मग माझ्या मॅनेजरला. घरासाठी कर्ज काढायचं होतं, ते अडकलं. मी बँकेत गेलो तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, "तुम्ही ते नाही याचं काही प्रूफ आहे का?"

मी हसलो. तो हसला नाही.

शेवटी एका शाखेत एक बाई भेटल्या. त्यांनी दोन्ही फाइली शेजारी ठेवल्या, सह्या पाहिल्या, फोटो पाहिले, आणि म्हणाल्या, "अहो, हे तुम्ही नाहीच." पाच महिन्यांत हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. माझ्या कागदांच्या झेरॉक्स त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवल्या, वर लिहितो म्हणाल्या. दोन आठवड्यांनी मी गेलो तर त्यांची बदली झालेली. नवीन साहेबांना काहीच माहीत नाही. ड्रॉवर रिकामा. सिस्टिममध्ये एका ओळीचीही नोंद नाही. मी तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो होतो आणि डोक्यात एकच, डिसिल्व्हा मेला.

त्या बाईंचा मला राग नाही. त्यांनी विश्वास ठेवला, जे बाकी कुणी केलं नाही. पण विश्वास त्यांच्या डोक्यात राहिला, रेकॉर्डवर आला नाही. प्रकरण मिटायला आणखी तीन महिने गेले.

सिनेमात डिसिल्व्हानंतर विजयला एक आशा असते, इंटरपोलचा अधिकारी मलिक. तोच वर्धान निघतो, टोळीचा खरा म्होरक्या, खऱ्या मलिकला डांबून त्याच्या जागी आलेला. म्हणजे ज्याने ओळख तपासायची, त्याचीच ओळख खोटी. पप्पांच्या पिढीला हा धक्का होता. आपल्याला नाही. आपल्याला आता व्हिडिओ कॉल येतो, मागे भिंतीवर शिक्का, समोर खाकी गणवेश, 'तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय', आणि शिकलेली माणसं घाबरून पैसे पाठवतात. 'डिजिटल अरेस्ट' करणारे हे सगळे वर्धानचेच नातू. प्रत्येक वेळी आपण आपली ओळख पटवत बसतो, समोरच्याला त्याची विचारत नाही.

खऱ्या मुंबईत तेव्हा काय चाललं होतं? 1949 च्या दारूबंदी कायद्याने हातभट्टीवाल्यांना हात दिला, साठच्या दशकातल्या सुवर्ण नियंत्रणाने सोन्याच्या तस्करांना. हाजी मस्तान, करीम लाला, वरदराजन ही नावं त्यातून मोठी झाली. आणीबाणीत मस्तानसारखे तस्कर आत गेले, नंतर बाहेर आले. हे सगळे आपल्या चेहऱ्याने ओळखले जाणारे लोक होते. मस्तानचे पांढरे कपडे, पांढरी मर्सिडीज सगळ्या मुंबईला ठाऊक. सिनेमातला डॉन मात्र नावाशिवायचा, गावाशिवायचा. 'दीवार'च्या विजयला बाप होता, आई होती, गोदी होती. याला काहीच नाही. म्हणूनच त्याच्या जागी दुसरा सहज बसतो. टोळी माणसावर नाही, पदावर चालते, हे तेव्हा सिनेमाला कळलं होतं. आपल्या कायद्यात 'संघटित गुन्हेगारी'ची व्याख्या यायला 1999 चा मोक्का उजाडावा लागला.

आणि ओळखीचं म्हणाल तर देशातला पहिला आधार नंबर 2010 मध्ये दिला तो आपल्याच नंदुरबारमधल्या टेंभलीत. बोटं, डोळे, सगळं घेतलं. माझ्या भानगडीत तोही होता. त्याने मी कोण हे चोख सिद्ध झालं. त्या कर्जाच्या जुन्या फाइलला मात्र आधार जोडलेलंच नव्हतं, त्यामुळे तो दुसरा कोण, हा प्रश्न तसाच राहिला.

मागच्या दिवाळीत पप्पांना 'डॉन' टीव्हीवर लावून दिला, मोठ्या स्क्रीनवर, स्वच्छ प्रिंट. अर्धा तास शांत बसले. मग एक मारामारी आली आणि अमिताभचा डावा हात चालला. पप्पा पुढे सरकले.

"हा डावरा कधीपासून झाला?"

"पहिल्यापासूनच आहे, पप्पा."

"छे. मी पाहिलाय की. उजव्या हाताने मारायचा."

मी त्यांना तंबूची, पडद्याच्या मागच्या अंगाची आठवण करून दिली. त्यांनी मान हलवली, पण पटलं नाही. चहाचा कप ठेवला आणि आईला म्हणाले, "हा तो नव्हे."