मॉरिशसला जावें कीं न जावें?
२ नोव्हेंबर १८३४ रोजीं कलकत्त्याहून निघालेलें ‘अ‍ॅटलस’ जहाज मजूर घेऊन पोर्ट लुईस पोहोंचलें. पुढें मुंबई बंदरांतून मराठी माणसेंही त्या बेटाकडे गेलीं. आरंभींचा करार पांच वर्षांचा. वेतन दरमहा ५ रुपये, शिवाय शिधा व परतीचा मोफत प्रवास. घरचें कर्ज आणि परका उंसाचा मळा यांची तुलना करतांना हें शेवटचें कलमच निर्णायक ठरलें असावें, असें आमचें मत आहे. १८५० नंतरच्या दशकांत तें रद्द झालें आणि निर्णयाचें स्वरूपच पालटलें. मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधील नोंदवह्यांत जाणाराचें नांव व वय सांपडतें. त्याचा विचार सांपडत नाहीं. तो घरीं आलेल्या एखाद्या पत्रांतच मिळेल. सबब दप्तरें चाळतांना असा क्षुल्लक भासणारा मोडी कागद संग्राहकांनीं रद्दींत जाऊं देऊं नये.