जखम धुणाऱ्या हातांची शाळा

औषधाची कृती कागदावर उतरवून कोणत्याही देशात धाडता येते. परंतु ते औषध वापरणारा हात मात्र माणसाबरोबरच सीमा ओलांडतो. ही गोष्ट ऐकावयास साधी वाटते. तथापि पहिल्या महायुद्धात ती उमगण्यासाठी युरोपला फार मोठी किंमत मोजावी लागली.

1914 च्या अखेरीस फ्रान्समधील आघाडीवरून येणाऱ्या जखमींची दशा पाहून शस्त्रवैद्य हतबुद्ध झाले. निर्जंतुक शस्त्रक्रियेचे तंत्र त्यांना अवगत होते. पण ते शांततेच्या काळातील स्वच्छ शस्त्रक्रियागृहापुरते. येथे खंदक खणले होते ते पिढ्यान् पिढ्या शेणखत घातलेल्या शेतांत. तोफगोळ्याचा तुकडा शरीरात शिरे तो तेथील चिखल आणि गणवेशाच्या चिंध्या बरोबर घेऊनच. मग जखम चिघळे, मांस सडू लागे, आणि हात वा पाय कापून टाकण्यावाचून गत्यंतर उरत नसे. पुष्कळदा तेवढ्यानेही प्राण वाचत नसत.

अशा वेळी, 1915 च्या मार्च महिन्यात, कॉम्पियेनच्या अरण्याच्या कडेला असलेल्या एका हॉटेलात एक रुग्णालय उघडण्यात आले. त्याचे प्रमुख होते अलेक्सी कॅरेल. जन्माने फ्रेंच, पण न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत काम करणारे, आणि रक्तवाहिन्या शिवण्याच्या कौशल्याबद्दल 1912 चे नोबेल पारितोषिक मिळविलेले. त्यांच्या सोबतीला आले हेन्री डेकिन हे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ. प्रयोगशाळेचा खर्च अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठानाने उचलला. आणि परिचारिका आल्या त्या तटस्थ स्वित्झर्लंडमधून, लोझान येथील ‘ला सूर्स’ या शाळेच्या. ही शाळा 1859 मध्ये, म्हणजे लंडनमधील फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या विद्यालयाच्या एक वर्ष आधी स्थापन झालेली. स्वतः कॅरेल यांच्या पत्नीही परिचारिकाच होत्या. अशा रीतीने फ्रेंच जखमींच्या खाटांभोवती चार देशांची विद्या आणि साहाय्य एकत्र आले.

डेकिन यांनी अनेक रसायने पारखून अखेर सोडियम हायपोक्लोराइटचे सौम्य द्रावण निवडले. त्याचे प्रमाण शेकडा सुमारे अर्धा ठेवावे लागे. ते कमी झाले तर जंतू मरत नसत, वाढले तर कातडी भाजे. उजेडात त्याचा कस उतरे, म्हणून ते ताजेच वापरावे लागे. पण द्रावण हा या पद्धतीचा केवळ अर्धा भाग होता. प्रथम शस्त्रवैद्य जखम पूर्ण उघडून मेलेले मांस व आत गेलेले परके पदार्थ काढून टाकीत. नंतर बारीक छिद्रे पाडलेल्या रबरी नळ्या जखमेच्या प्रत्येक कोपऱ्यात बसविल्या जात. खाटेच्या वर टांगलेल्या काचपात्रातून दर 2 तासांनी, दिवसरात्र, म्हणजे अहोरात्रात 12 वेळा, द्रावण आत सोडावे लागे. भोवतालची निरोगी कातडी व्हॅसलिन लावलेल्या जाळीदार कापडाने झाकावयाची, नळी सरकली नाही ना, तुंबली नाही ना हे पाहावयाचे, आणि पट्टी बदलताना जखमेला बोट लागू द्यावयाचे नाही. जखमेतील स्रावाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली तपासून जंतूंची संख्या आलेखावर मांडली जाई. ती पुरेशी उतरली की मगच जखम शिवीत.

रात्री 2 वाजता आणि पुन्हा 4 वाजता तीच दक्षता टिकविणे, हे येथील परिचारिकेचे खरे कौशल्य होते. तिने एक फेरी चुकविली तर शस्त्रवैद्याचे सारे श्रम वाया जाण्याचा संभव असे. म्हणूनच नुसती कृती वाचून ज्यांनी हे द्रावण जखमांवर ओतले, त्यांच्या पदरी निराशा आली आणि त्यांनी दोष दिला तो औषधाला.

1917 च्या एप्रिलमध्ये अमेरिका युद्धात उतरली तेव्हा हा धडा विसरला गेला नाही. त्याच वर्षी रॉकफेलर संस्थेच्या आवारात, न्यूयॉर्कच्या नदीकाठी, हलविता येण्याजोग्या लाकडी इमारतींचे एक प्रात्यक्षिक रुग्णालय उभारण्यात आले. कॅरेल तेथे शिकवावयास आले. लष्करी डॉक्टर व परिचारिका यांना ही पद्धती पुस्तकावरून नव्हे, तर प्रत्यक्ष रुग्णाच्या उशाशी उभे करून शिकविण्यात आली.

या पद्धतीला विरोधकही होते. आल्मरोथ राइट आणि त्यांचे तरुण सहकारी अलेक्झांडर फ्लेमिंग यांचे म्हणणे असे की, जंतुनाशके जखमेच्या खोल कपारींपर्यंत पोहोचत नाहीत. उलट जंतूंशी झुंजणाऱ्या रक्तातील पांढऱ्या पेशींनाच ती इजा करतात. हा आक्षेप पोकळ नव्हता. यशाचे श्रेय द्रावणाला किती, मेलेले मांस काढण्याला किती आणि अहोरात्र चाललेल्या शुश्रूषेला किती, याचा वाटा पाडणे कठीणच आहे. पुढे 1928 मध्ये याच फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध लागला, आणि 1940 नंतरच्या दशकात ते औषध सर्वत्र पोहोचल्यावर ही कष्टाची पद्धती मागे पडली. जे काम सुई करते त्यासाठी रात्र कोण जागविणार?

परंतु आज प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू सर्वत्र आढळू लागले आहेत, आणि मधुमेही रुग्णांच्या पायांच्या जखमा महिनोन् महिने भरत नाहीत. डेकिन यांचे सौम्य द्रावण काही जखमांसाठी अजूनही वापरले जाते, आणि ठरावीक वेळाने जखमेत द्रव सोडून शोषून घेणारी यंत्रेही आली आहेत. व्रणोपचार ही परिचारिकांची एक स्वतंत्र विद्याशाखा बनली असून तिच्या अभ्यासासाठी त्या एका देशातून दुसऱ्या देशात जात असतात. त्यांच्या प्रवासाचा खर्च मंजूर करताना, पुस्तके मागविली असता काम भागणार नाही काय, अशी शंका एखाद्या अधिकाऱ्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याने कॉम्पियेनच्या त्या खाटांचे, आणि रात्री 2 वाजता नळीची चिमटी सैल करणाऱ्या त्या परदेशी मुलींचे स्मरण करावे.