बाळगोळी

बाळगोळी म्हणजे तान्ह्या मुलास झोप लागावी व ती दीर्घकाळ टिकावी, या हेतूने दिली जाणारी अफूची लहान गोळी होय. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिचा वापर विशेषतः मुंबईच्या कापड गिरण्यांच्या परिसरात सर्रास होत असे. नावातील साधर्म्यामुळे तिची बाळगुटीशी गल्लत होते. परंतु ही दोन भिन्न द्रव्ये आहेत. बाळगुटी ही वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, हिरडा, जायफळ इत्यादींचे सहाणेवर मोजके वळसे देऊन केलेली घरगुती मात्रा असून तिच्या मूळ कृतीत अफू नाही. मात्र तिच्यातील जायफळही प्रमाणाबाहेर गेल्यास मुलास गुंगी आणते.

स्वरूप व परिणाम

गोळीत अफूसोबत मसाल्याची द्रव्ये मिसळत आणि ती दुधात किंवा मधात उगाळून बाळाला चाटवीत. अफूतील मुख्य द्रव्य मॉर्फिन. ते वेदना व खोकला दडपते, आतड्यांची हालचाल मंद करते आणि गुंगी आणते. त्यामुळे पोटदुखीने रडणारे, जुलाब होणारे किंवा भुकेले मूल एकाच गोळीने शांत होई, आणि औषध लागू पडले असा घरच्यांचा समज होई. प्रत्यक्षात आजार तसाच राही. केवळ त्याची खूण, म्हणजे रडणे, नाहीसे होई.

मॉर्फिन श्वसनक्रियाही मंदावते. तान्ह्या मुलाचे यकृत व मूत्रपिंड अपरिपक्व असल्याने हे द्रव्य शरीरातून लवकर बाहेर पडत नाही. कच्च्या अफूची तीव्रता सर्वत्र सारखी नसते, आणि मात्रा तर अंदाजानेच दिली जाई. म्हणून कालच्या गोळीने झोपलेले मूल आजच्या तेवढ्याच गोळीने दगावण्याचा संभव असे. नित्य अफू मिळणारे मूल अंगावर कमी पिते, त्यास बद्धकोष्ठ होतो व त्याची वाढ खुंटते. सवय लागलेल्या मुलाची गोळी बंद केली, तर ते अखंड रडते व त्यास जुलाब होतात. हे रडणे गोळीवाचून होत असल्याने गोळी आवश्यकच आहे, अशी आईची खात्री पटत असे.

गिरणगावातील प्रसार

या प्रथेचे खापर अनेकदा मातांच्या अज्ञानावर फोडले गेले. तथापि त्यांच्या दिनक्रमाकडे पाहिल्यास हा ठपका अपुरा ठरतो. 1922 च्या कारखाना कायद्यानेही प्रौढ कामगाराचा कामाचा दिवस 11 तासांपर्यंत व आठवडा 60 तासांपर्यंत असू शके. एवढा वेळ अंगावर पिणाऱ्या मुलास कोठे ठेवावे, हा प्रश्न होता. खात्यात नेले तर यंत्रांचा गोंगाट व कापसाची धूळ. चाळीतील खोलीत ठेवले तर सोबतीला एखादी म्हातारी किंवा सात-आठ वर्षांची बहीण. रात्री त्याच एका खोलीत अनेक माणसे दाटीवाटीने झोपत आणि पहाटे भोंग्याबरोबर उठणे भाग असे. अशा घरात मुलाचे रात्रीचे जागणे परवडणारे नव्हते. अफू मात्र परवानाधारक दुकानांत उघडपणे मिळे.

मुंबईतील स्त्री कामगारांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स यांनी 1922 च्या सुमारास नोंदविले की, या स्त्रियांच्या मुलांपैकी सुमारे 98 टक्के मुलांना अफू दिली जाते. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही श्रम आयोगानेही (1929–31) या प्रथेची दखल घेतली आणि कारखान्यांत पाळणाघरे असावीत अशी शिफारस केली.

ही प्रथा केवळ भारतीय नव्हती. इंग्लंडच्या गिरणी शहरांत ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ हे अफूयुक्त पेय तान्ह्या मुलांना पाजीत. अमेरिकेत ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ या औषधात मॉर्फिन असे; 1906 च्या कायद्याने असे घटक बाटलीवर छापणे बंधनकारक झाले.

कायदे व पाळणाघरे

1934 च्या कारखाना कायद्याने स्त्री कामगारांच्या मुलांसाठी खोली ठेवण्याचे नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. 1948 च्या कायद्याच्या कलम 48 नुसार 50 हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे झाले. 1976 मध्ये ही मर्यादा 30 वर आली. शेतमजूर स्त्रियांना मात्र कारखाना कायदा लागू होत नसे. शिरपूर जैन व वाशिम जिल्ह्यातील इतर गावांच्या शिवारात निंदण, कापूसवेचणी, सोयाबीनची सोंगणी या कामांवर बायका मोठ्या संख्येने असतात. तेथे लेकुरवाळीचे पाळणाघर म्हणजे बांधावरील झाडाला बांधलेली लुगड्याची झोळी.

बाळाची झोप व आजची स्थिती

नवजात बालक दिवसाकाठी 14 ते 17 तास झोपते, परंतु तुकड्यातुकड्यांनी. त्याचे जठर लहान असल्याने ते दर दोन-तीन तासांनी भुकेने जागे होते. दिवस-रात्रीचे भान साधारण तिसऱ्या महिन्यापासून येऊ लागते. रात्री जागणे हा म्हणूनच बहुधा आजार नसतो. दिवसा उजेड व बोलणे, रात्री अंधार व शांतता, ठरलेल्या वेळी अंघोळ, दूध आणि अंगाई, या क्रमाने झोपेची लय हळूहळू बसते. बाळास उताणे, सपाट व घट्ट अंथरुणावर निजविणे सर्वांत सुरक्षित मानले जाते. झोळीत हनुवटी छातीला टेकून श्वास कोंडू शकतो, त्यामुळे झोळीतील मुलावर सतत लक्ष लागते. एक वर्षाखालील मुलास मध चाटविणेही टाळावे. त्यातून बोटुलिझम हा गंभीर विकार होऊ शकतो.

अफूची विनापरवाना विक्री 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तिची जागा काही घरांत सर्दी-खोकल्याच्या गुंगी आणणाऱ्या औषधांनी घेतली आहे. क्लोरफेनिरामिन व फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण असलेले औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना बाटलीवर छापण्याचा आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये दिला.