मुंबईतील वैद्यक व्यवसायाची नोंदणी आणि निसर्गोपचार : एक ऐतिहासिक आढावा

वैद्य कोणास म्हणावे, याचा निर्णय पूर्वी समाज अनुभवावरून करीत असे. विसाव्या शतकात मुंबई इलाख्यात हा निर्णय शासनाकडे गेला. या स्थित्यंतरात निसर्गोपचाराला कोणते स्थान मिळाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

इंग्लंडमधील १८५८ च्या कायद्याच्या धर्तीवर १९१२ मध्ये मुंबई वैद्यक कायदा संमत झाला. भारतातील हा अशा प्रकारचा पहिला कायदा होय. त्यानुसार पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यांचीच नोंद होऊ लागली. वैद्य-हकिमांच्या व्यवसायावर बंदी आली नाही. मात्र कायद्याने आवश्यक असलेला दाखला देण्याचा अधिकार नोंदणीकृत डॉक्टरांपुरता राहिला. गिरगावातील वैद्य नाडी पाहून काढा देऊ शके. परंतु त्याच्या सहीला कायद्यापुढे मोल नव्हते.

१९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. डॉ. गिल्डर आरोग्यमंत्री असताना १९३८ चा वैद्यक व्यवसायी कायदा झाला आणि आयुर्वेद व युनानी चिकित्सकांना नोंदणी मिळाली. १९४१ मध्ये परळ-लालबागनजीक वरळी येथे पोदार आयुर्वेद महाविद्यालय सुरू झाले. परंपरेची जागा हळूहळू पदवीने घेतली. होमिओपॅथीसाठी १९५९ चा स्वतंत्र कायदा झाला.

निसर्गोपचार मात्र या चौकटीबाहेर राहिला. महात्मा गांधींनी १९४६ मध्ये उरुळीकांचन येथे निसर्गोपचार केंद्र सुरू केले. परंतु महाराष्ट्राच्या १९६१ च्या वैद्यक व्यवसायी कायद्यात या पद्धतीला स्थान मिळाले नाही. औषध आणि पदवी यांभोवती रचलेल्या कायद्यात, औषधच नाकारणारी व रुग्णाला स्वावलंबी करू पाहणारी ही पद्धती सहज सामावणारी नव्हती. तथापि ते अशक्यही नव्हते. कर्नाटकातील १९६१ च्या नोंदणी कायद्याच्या नावातच आज निसर्गोपचाराचा उल्लेख आहे. केंद्राच्या २०२० च्या भारतीय वैद्यक पद्धती आयोग कायद्यातूनही निसर्गोपचार वगळला गेला.

नोंदणी हा केवळ व्यावसायिकांच्या प्रतिष्ठेचा प्रश्न नाही. १९९६ मध्ये होमिओपॅथीची नोंदणी असताना ॲलोपॅथीची औषधे देणाऱ्या मुंबईतील एका चिकित्सकाला सर्वोच्च न्यायालयाने दोषी ठरविले. नोंदणीने त्याची मर्यादा निश्चित केली होती, म्हणूनच तिचे उल्लंघन दाखविता आले. जेथे नोंदवहीच नाही, तेथे प्रशिक्षित उपचारक आणि भोंदू यांतील भेद रुग्णाने कसा करावा? निसर्गोपचाराच्या कायदेशीर स्थानाचा विचार रुग्णाच्या या अडचणीपासून सुरू व्हावा, हेच या इतिहासातून सूचित होते.