मनीऑर्डर आणि म्हातारपण

"गावाकडे म्हातारी माणसं घरातच सांभाळतात, वृद्धाश्रम हे शहराचं खूळ," असं आपण सहज म्हणतो. पण गावातलं ते घर चालत कसं होतं, ते जरा बघूया.

1850 च्या दशकात मुंबईत कापडगिरण्या सुरू झाल्या आणि पुढे कोकणातली तरणी माणसं गिरणगावात आली. चाळीच्या एका खोलीत दहा-बारा जण. तिथं म्हाताऱ्या आईला ठेवणार कुठं? ती गावीच राहिली, सुनेजवळ. 1880 साली टपाल खात्यानं मनीऑर्डर सुरू केली नि पैसे थेट दारात येऊ लागले. म्हणजे खर्च मुंबईचा, पण अंथरुणाला खिळलेल्या सासूची उस्तवार सुनेकडे. शेती सांभाळून, बिनपगारी. गिरणीत छाती खराब झालेला कामगारही शेवटी गावालाच परतायचा. शहरानं आपलं म्हातारपणही असं गावावर सोपवलं.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मनीऑर्डरी आटल्या. हळूहळू सुनाही मुलांच्या शिक्षणासाठी शहरात गेल्या. 2007 च्या कायद्यानं आईवडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. तो हवाच. पण रात्री कूस बदलून द्यायला माणूस लागतं. शहरात ते निदान पैसे मोजून मिळतं, वाडीवर कुठून आणायचं?

तेव्हा गावाकडची माया आटली म्हणण्याआधी, ती कुणाच्या कष्टांवर उभी होती, हे आठवूया. तुमच्या घरी हे कुणी केलं? जरूर कळवा.